गज, वार आणि फीत
पवनीच्या मागावरील मापाचा इतिहास

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी समाजातील थोरांची चरित्रे, शिक्षणाचा प्रसार, विवाहातील खर्च अशा गंभीर विषयांवर लेख येत असतात. त्या मानाने प्रस्तुत लेखाचा विषय क्षुल्लक वाटेल. तो विषय म्हणजे कापड मोजण्याची पट्टी. तिला कोणी मोजपट्टी म्हणतात, कोणी फीत, तर बाजारात तिचे नाव ‘टेप’ असे रूढ झाले आहे. परंतु ज्या कोष्टी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कापड विणले, मोजून दिले आणि त्या मापावर आपली अब्रू राखली, त्याच्या इतिहासात मापाला स्थान नसेल तर ते दुसऱ्या कशाला असावे?

एक साधी गोष्ट पाहावी. आपल्या घरांतून आजही ‘नऊवारी’, ‘सहावारी’ हे शब्द नित्य कानी पडतात. यांतील ‘वार’ हे माप देशाच्या व्यापारातून १९६२ सालीच कायद्याने गेले. माप गेले, पण नाव राहिले. त्या नावात आपल्या पूर्वजांनी गिऱ्हाइकाला दिलेला एक शब्द दडलेला आहे. तो शब्द कसा घडला, कसा बदलला आणि आपण तो कसा पाळावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

हात, वीत आणि अंगुळ

माणसाचे पहिले माप त्याच्या देहावरच होते. बोटाच्या रुंदीचे अंगुळ, पसरलेल्या पंजाची वीत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात, ही मापे विकत आणावी लागत नव्हती आणि घरी विसरतही नव्हती. जुन्या बायका ‘अठरा हात लुगडे’ म्हणत, ते याच मापाने. दोन हातांचा एक वार धरला म्हणजे अठरा हात आणि नऊ वार एकच.

परंतु उंच माणसाचा हात लांब आणि ठेंगण्याचा आखूड, ही अडचण फार प्राचीन काळीच जाणत्यांच्या ध्यानी आली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात २४ अंगुळांचा एक हस्त आणि ४ हस्तांचा एक दंड असे ठरवून दिले आहे. वजने-मापे दर चार महिन्यांनी तपासून त्यांवर मुद्रा उमटवावी, असाही नियम त्यात आहे. त्याच ग्रंथात सूत आणि विणकाम यांवर देखरेख ठेवणाऱ्या सूत्राध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. विणकराला सूत मोजून द्यावे, कापड मोजून घ्यावे आणि सुतात घट आली तर वेतनात घट करावी, हा व्यवहार दोन हजार वर्षांपूर्वीही आजच्यासारखाच होता.

आपली पवनी नगरी त्या प्राचीन काळाची साक्षीदार आहे. १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन झाले आणि जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. स्तूपाभोवती दगडी कठडा होता आणि त्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. अशा कठड्याची रचना विचारपूर्वक पाहावी. उभ्या खांबांना खोबणी असतात आणि आडव्या दगडांची टोके त्यांत बसवावी लागतात. खांब एकाने घडवला आणि आडवा दगड दुसऱ्याने, तरी दोघांचे माप एक नसेल तर दगड खोबणीत शिरणार नाही. म्हणजे वैनगंगेच्या काठी त्या काळीही अनेक हातांना मान्य असलेले एक माप होते. मागावरही हेच घडते. सूत एकाचे, रंग दुसऱ्याचा, विणकाम तिसऱ्याचे. त्या सर्वांना जोडते ते माप.

गजांचा गोंधळ

पुढे व्यापार वाढला आणि हाताची जागा लाकडी वा लोखंडी गजाने घेतली. गज आला म्हणून तंटे मिटले मात्र नाहीत, कारण गज सर्वत्र सारखा नव्हता. मुंबईकडील गज २७ इंचांचा, उत्तरेकडील इलाही गज इंग्रजी अमदानीत ३३ इंचांचा धरलेला, आणि इंग्रजी वार ३६ इंचांचा. नऊ गज कापड म्हटले तर पहिल्या मापाने २४३ इंच, दुसऱ्याने २९७ आणि तिसऱ्याने ३२४ इंच होत. ‘नऊ’ हा आकडा तिन्ही ठिकाणी एकच; लुगडे मात्र एकीला पुरे आणि दुसरीला अपुरे.

गजाचे पोटभागही निरनिराळे होते. महाराष्ट्रात गजाचे २४ तसू करीत. हस्ताच्या २४ अंगुळांचीच ही परंपरा दिसते. उत्तरेकडे गजाचे १६ गिरह करीत. या सोळांत एक व्यावहारिक शहाणपण होते. रुपयाचेही आणे सोळाच. त्यामुळे गजाला जितके रुपये दर, तितकेच आणे गिरहाला. तीन रुपये गजाचे कापड पाच गिरह हवे असेल तर पाच त्रिक पंधरा आणे, हा हिशेब निरक्षर विणकरही तोंडी करी. जुन्या मापांना अडाणी समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

रेशीमकाठी वस्त्रे आणि बारीक सुताचे विणकाम यांसाठी पवनीची ख्याती होती. असे कापड गावाबाहेर जाई आणि मोजणारा गज गिऱ्हाइकाचा असे. येथेच विणकराची खरी परीक्षा होती. या संदर्भात आमच्या घरात सांगितली जाणारी एक हकीकत येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

आमचे आबाजी एका व्यापाऱ्याचे सूत आणून मजुरीने लुगडी विणीत. एकदा चार लुगडी परत आली. प्रत्येक चार-पाच बोटे कमी भरले होते. मजुरी कापली गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे चारचौघांत ‘मापात खोट’ असा शब्द निघाला. आबाजी संतापले. व्यापाऱ्याचा गजच मोठा असला पाहिजे, अशी त्यांची खात्री होती. त्या रात्री त्यांनी आणि आजीने कंदिलाच्या उजेडात दोन्ही टोके धरून एक लुगडे पुन्हा मोजले. नंतर शेजाऱ्याचा नवा लोखंडी गज आणून आपल्या जुन्या लाकडी गजाशेजारी ठेवला. आपला गज टोकाशी झिजून जवळजवळ पाव इंच आखूड झाला होता. नऊ वेळा मोजताना ही तूट सव्वादोन इंचांवर गेली. शिवाय कापड मागावर ताणलेले असतानाच मोजण्याची त्यांची सवय होती. मागावरून उतरल्यावर सूत आपला ताण सोडते आणि कापड आखडते; उरलेली तूट तेथे होती.

आबाजी इतकेच म्हणाले, “लबाडी माझ्या हातानं केली नाही, पण हातातल्या गजानं केली. भरपाई आपलीच.” चारही लुगडी कमी दरात त्यांनी स्वतः ठेवून घेतली आणि नवा गज आणला. जुना गज त्यांनी फेकला नाही. मागाच्या खोलीत दाराशी तो टांगून ठेवला, पोरांना दिसावा म्हणून.

दोरी, साखळी आणि फीत

ही चूक केवळ आमच्या आबाजींची नव्हे. मापाचे साधन स्वतःच बदलते, ही अडचण मोठमोठ्या राज्यकर्त्यांनाही भोवलेली आहे. अकबराच्या कारकीर्दीत जमीन तागाच्या दोरीने मोजत असत. दोरी भिजली की आखडे, वाळली की सैल पडे आणि शेतकऱ्याच्या जमिनीचे क्षेत्र ऋतूप्रमाणे बदले. म्हणून १५७४-७५ च्या सुमारास दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब वापरात आली.

इंग्रजी अमदानीतील उदाहरण तर आपल्या विदर्भाशीच निगडित आहे. कर्नल विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ केला. त्यांची पोलादी साखळी १०० फुटांची असून तिला अडीच-अडीच फुटांचे ४० दुवे होते. उन्हाने पोलाद लांबते म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, वर तंबूची सावली धरून आणि जवळ उष्णतामापक ठेवून मोजणी करीत. वापराने ती झिजते म्हणून दुसरी साखळी राखून ठेवून पहिलीची तिच्याशी तुलना करीत. हे लॅम्बटनसाहेब १८२३ साली नागपूरकडे येत असता हिंगणघाट येथे निवर्तले. त्यांची समाधी तेथेच आहे. आबाजींनी शेजाऱ्याचा गज आणून जे केले, तेच लॅम्बटन राखीव साखळीने करीत होते. एका मापाची साक्ष दुसऱ्या मापाने काढावी लागते.

आजच्या गुंडाळत्या फितीचा जन्म इंग्लंडातील शेफील्ड येथे झाला. जेम्स चेस्टरमन याने १८२९ साली डबीत गुंडाळली जाणारी विणलेली फीत पेटंट केली. पुढे त्याच्या कारखान्यात स्त्रियांच्या फुगीर घागऱ्यांच्या कड्यांसाठी पोलादी पट्ट्या तयार होत. घागऱ्यांची ती फॅशन ओसरली तेव्हा शिल्लक पट्ट्यांवर खुणा करून पोलादी मोजपट्ट्या विकल्या गेल्या, असे सांगतात. १८६८ साली अमेरिकेतील आल्विन फेलोज याने बाहेर काढलेली पट्टी हवी तेथे अडकवून ठेवणारी स्प्रिंगची रचना पेटंट केली. सुताराच्या खिशातील टेप ही तिचीच वंशज होय.

सूत, रुपया आणि मीटर

१८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीचे सूत विणकरांच्या हाती येऊ लागले. त्याबरोबर सुताचा ‘नंबर’ आला. ८४० वारांची एक लड. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तो सुताचा नंबर. ८० नंबरचे एक पौंड सूत म्हणजे ६७,२०० वार, म्हणजे ३८ मैलांहून अधिक लांब धागा. पवनीहून भंडाऱ्यास पोचेल एवढा धागा आपल्या आया-बहिणी घरात बसून कांड्यांवर भरीत, हे आजच्या मुलींना सांगितले पाहिजे. याच व्यवहारात ३६ इंचांचा वार आपल्याकडे रुळला आणि नऊवारीला तिचे नाव मिळाले.

स्वातंत्र्यानंतर सर्वच मापे बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १९५६ च्या डिसेंबरात मानक वजने व मापे अधिनियम संमत झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि १९६२ साली जुनी मापे बंद झाली. याच अवधीत आपला भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पाच-सहा वर्षांत राज्य बदलले, नाणे बदलले आणि गजही बदलला. आणे-गिरहाची जुनी सोय मात्र नव्या रूपाने टिकली. मीटरला जितके रुपये, तितकेच पैसे सेंटिमीटरला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. म्हणून नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. हिशेबाच्या सोयीसाठी कोणी ‘आठ मीटर’ धरले तर २३ सेंटिमीटर कमी पडतात. हे २३ सेंटिमीटर म्हणजे नऊ इंच, म्हणजे बरोबर एक वीत. कागदावर ती अपूर्णांकाची किरकोळ काटछाट दिसते. नेसणाऱ्या बाईला मात्र निऱ्यांत किंवा पदरात एक वीत कमी पडते. ज्या मापाचे नाव सांगून आपण माल विकतो, ते माप पुरे भरले पाहिजे. ८.२३ मीटर विणता येत नसेल तर आठ मीटरच म्हणावे. ‘नऊवारी’ म्हणू नये. सहावारीचे ५.४९ मीटर होतात, हेही ध्यानात ठेवावे.

फितीचा वापर आणि जोपासना

आज आपल्यांपैकी काही घरांत माग आहेत, काहींत शिलाईयंत्र आहे, काहींची कापडाची दुकाने आहेत. या सर्वांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

फीत घेतल्यावर प्रथम ती पडताळावी. शिंप्याच्या फितीवर बहुधा एका अंगास इंच आणि दुसऱ्या अंगास सेंटिमीटर असतात. ६० इंच म्हणजे १५२.४ सेंटिमीटर, आणि १५० सेंटिमीटर म्हणजे ५९ इंचांहून किंचित जास्त. ज्या फितीत ६० इंच आणि १५० सेंटिमीटर एकाच रेषेवर येत असतील, ती फीत घेऊ नये.

कापडी फीत ओढाताणीने लांबते. तिच्या खुणा एकमेकींपासून दूर जातात आणि ती खऱ्यापेक्षा कमी माप दाखवते. मग विणकराचे कापड फुकट जाते. उलट, फीत सैल, झोळ पडलेली किंवा तिरपी धरली तर माप खऱ्यापेक्षा जास्त दिसते आणि गिऱ्हाईक फसते. लांबलेली फीत विणकराला बुडवते, सैल धरलेली फीत गिऱ्हाइकाला. यासाठी वर्षातून एकदा तरी ती धातूच्या मीटरपट्टीशी ताडून पाहावी आणि फरक दिसताच टाकून द्यावी. ती धुऊ नये, इस्त्रीखाली धरू नये, खिळ्याला ताणून बांधू नये. सैल गुंडाळून ठेवावी.

पोलादी टेपच्या टोकाची आकडी किंचित हलते. ती बिघडली असे समजून कित्येक जण ठोकून घट्ट करतात. तसे करू नये. ती आपल्या जाडीइतकीच हलते. बाहेरून अडकवून मोजताना ती पुढे सरकते आणि आत टेकवून मोजताना मागे, म्हणून दोन्ही मापे खरी येतात. टेप सोडून देऊन खाटकन आत जाऊ दिली तर हीच आकडी वाकते. पट्टी हाताने धरून सावकाश आत घ्यावी. ओली झाल्यास पुसूनच गुंडाळावी. टोक झिजले असेल तर १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजावे आणि शेवटी दहा वजा करण्यास विसरू नये. पोलादी टेपची मापे २० अंश तापमानाला खरी धरलेली असतात. आपल्याकडील वैशाखात ४५ अंशांवर ३० मीटरची टेप आठ-नऊ मिलिमीटर लांबते. कापडाला हा फरक नगण्य आहे; घराचा पाया आखताना किंवा जमीन मोजताना मात्र टेप उन्हात टाकून ठेवू नये.

कापड मागावर मोजू नये. उतरवून, एक रात्र विसावू देऊन, सपाट पाटावर न ओढता पसरून मोजावे. दोन्ही काठ वेगवेगळे मोजावेत, कारण एक काठ ताणलेला आणि दुसरा सैल असणे नेहमीचे आहे. पन्हा एका जागी न मोजता आरंभी, मध्ये आणि शेवटी असा तीनदा मोजावा. विक्रीसाठी दुकानात वैधमापन यंत्रणेची मुद्रा असलेली धातूची मीटरपट्टीच वापरावी. शिंप्याची फीत केवळ घरच्या पडताळ्यासाठी समजावी. वैधमापनाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे आणि मापाची पडताळणी हा त्याचा गाभा आहे. कौटिल्याच्या मुद्रेचीच ती आजची मुद्रा होय.

उपसंहार

पवनीत मागांचा आवाज आता पूर्वीसारखा गल्लोगल्ली ऐकू येत नाही. आपली मुले अभियंते, शिक्षक, परिचारिका, दुकानदार होत आहेत आणि ही आनंदाची गोष्ट आहे. माग सुटला तरी माप सुटत नाही. औषधाची मात्रा, परीक्षेतील गुण, इमारतीचा पाया, तराजूतील धान्य, सर्वत्र कोणीतरी आपल्या मापावर विश्वासून डोळे मिटतो. आबाजींची चूक अजाणतेपणी झाली होती. तरीही त्यांनी ती आपली मानली, आणि तीच आमच्या घराला त्यांनी ठेवलेली पुंजी ठरली.

तो झिजलेला गज आजही आमच्या घरी दाराशी टांगलेला आहे. त्याच्या शेजारी हल्ली नातवाची पोलादी टेप असते. तो स्थापत्यशास्त्र शिकतो. सुट्टीत आला की गंमत म्हणून गज मोजून पाहतो आणि दर वेळी पाव इंच कमीच भरतो. मी त्याला काही सांगत नाही. गजाने सांगायचे ते सांगितलेले असते.

ज्यांच्या घरी माळ्यावर जुने गज, फण्या, धोटे, मापाच्या काठ्या पडून असतील, त्यांनी त्या भंगारात न देता जपून ठेवाव्यात आणि मुलांना त्यांची नावे व उपयोग सांगावेत, एवढी नम्र विनंती सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस करून हा लेख पुरा करतो.